ट्रॅक्टरने ओढलेली थार आणि अडीच लाखांचा प्रश्न

वाचकाचे पत्र:

मी नागपूरच्या त्रिमूर्तीनगर भागात राहतो आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. वय ३६ वर्षे. आठ महिन्यांपूर्वी मी २०२१ ची डिझेल, फोर बाय फोर, हार्डटॉप थार वापरलेली विकत घेतली. आम्ही चार मित्र रविवारी पारशिवनी, रामटेक, कधी कळमेश्वर-काटोलकडच्या कच्च्या वाटांवर गाड्या काढतो. ऑगस्टमध्ये माझी गाडी काळ्या मातीत रुतली. जवळच्या शेतकऱ्याने ती ट्रॅक्टरने ओढून काढली. त्यात पुढचा बंपर फाटला आणि तेव्हापासून स्टिअरिंग थोडे डावीकडे ओढते. गॅरेजवाल्याने मला एक पॅकेज सुचवले आहे: दोन इंचांचा लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी उंच करणे), ३३ इंची मड टायर, लोखंडी बंपर, विंच (गाडी ओढून काढणारी दोराची चरखी), स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी), छतावर कॅरिअर आणि एलईडी बार. माझ्याजवळ यासाठी अडीच लाख रुपये साठले आहेत. यांतले आधी काय करावे? हे सगळे कायद्यात बसते का? पत्नीचे म्हणणे असे, की सहा वर्षांच्या मुलीला घेऊन अशा वाटांवर जाणे योग्य नाही. ते कितपत मानावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात टायर, विंच आणि बंपर यांच्याविषयी पुष्कळ लिहिले आहे. स्टिअरिंग डावीकडे ओढते ही गोष्ट मात्र अर्ध्या वाक्यात येऊन गेली आहे. मी तिथूनच सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे थांबू शकते आणि हे थांबू शकत नाही. ट्रॅक्टरची साखळी नेमकी कुठे अडकवली होती हे आपण सांगितलेले नाही, परंतु बंपर फाटला त्या अर्थी ती ओढण्याच्या हुकला नव्हती किंवा सरळ रेषेत नव्हती. चिखलात, घाईच्या वेळी, हाताला जे लोखंड लागेल त्याला साखळी गुंडाळली जाते, आणि थारच्या पुढच्या बाजूला हाताला सहज लागते ते म्हणजे लोअर आर्म (चाक चेसिसला जोडणारा खालचा दांडा) किंवा टाय रॉड. टाय रॉड हा चाक वळवण्यासाठी केलेला बारीक दांडा आहे. पावणेदोन टनांच्या आसपासची रुतलेली गाडी त्याच्या आधाराने ओढावी अशी त्याची रचना नाही. तो वाकला असेल तर आज फक्त गाडी डावीकडे ओढते, उद्या खड्ड्यात चाक आदळताना तो तुटू शकतो, आणि त्या क्षणी स्टिअरिंग हातात असूनही चाक आपल्या ताब्यात राहत नाही.

म्हणून गाडी गॅरेजमधल्या उचलण्याच्या यंत्रावर चढवून दोन्ही टाय रॉड, त्यांची टोके, लोअर आर्म आणि त्यांचे बुश, बॉल जॉइंट, स्टिअरिंग रॅकचे रबरी बूट आणि चेसिसवर हे सगळे जिथे जोडलेले असते ती ठिकाणे, एवढे तपासून घ्यावे. नुसते अलाइनमेंट करून स्टिअरिंग सरळ करून देण्याची तयारी कोणी दाखवली, तर ती स्वीकारू नये. वाकलेल्या भागावर बसवलेले अलाइनमेंट दोष लपवते आणि दोष तसाच राहतो. हे होईपर्यंत कच्च्या वाटेवर जाऊ नये आणि समृद्धी महामार्गावर तर मुळीच जाऊ नये. अडीच लाखांतला पहिला खर्च हाच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ते पॅकेज यंदा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गॅरेजवाल्याच्या हेतूविषयी मला शंका नाही; त्यातल्या काही वस्तू चांगल्या आहेत आणि कधी तरी आपल्याला लागतीलही. अडचण अशी, की ती यादी करताना आपली गाडी का रुतली हे कोणी विचारलेले दिसत नाही. ऑगस्टमधला काळ्या मातीचा तो प्रसंग डोळ्यांसमोर आणावा आणि त्या सात वस्तूंपैकी कोणती त्या दिवशी उपयोगी पडली असती ते एकेक करून पाहावे. एलईडी बार, कॅरिअर आणि स्नॉर्केल यांचा काहीही संबंध नव्हता. लोखंडी बंपर आणि लिफ्ट यांचाही नव्हता. विंच कामास आला असता, पण तो कशाला तरी बांधावा लागतो, आणि सोयाबीनच्या वावरात गाडीच्या समोर बळकट झाड असेलच असे नाही. मड टायरविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण चिखलासाठी केलेला टायर चिखलात चालणारच हा समज नागपूरच्या पश्चिमेला फार महागात पडतो.

आपली काळी माती हा इतर ठिकाणच्या चिखलासारखा चिखल नाही. कळमेश्वर, काटोल, हिंगणा या बाजूंचा काळा पाषाण झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज असते. त्याचे थर पाणी आत ओढून घेतात आणि फुगतात. म्हणूनच ही माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात लोण्यासारखी होते. मड टायरच्या मोठ्या दातांमधली खाच वाळूमिश्रित किंवा पातळ चिखलात चाक फिरताच मोकळी होते, चिखल मागे फेकला जातो आणि दातांना पुन्हा पकड मिळते. काळी माती तशी सुटत नाही. ती दातांच्या मध्ये बसते, वरून आणखी थर चढतो आणि दोन मिनिटांत त्या महागड्या टायरचा गुळगुळीत रूळ होतो. पुढे ती चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागाही भरून टाकते आणि चाक अडते. आपण एक्सलरेटर दाबतो, चाक जागच्या जागी फिरते, आणि गाडी स्वतःसाठी खड्डा खणत अॅक्सलवर बसते. फोर-लो (चारही चाकांना सावकाश पण अधिक ताकद देणारा) गियर असो वा डिफरेन्शियल लॉक (अॅक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय), चाकाला जमीनच मिळत नसेल तर दोघेही निरुपयोगी ठरतात.

वरून वाळलेली दिसणारी माती तर अधिक फसवी असते, कारण दोन दिवसांच्या उन्हाने वर पापुद्रा धरतो आणि खाली वीतभरावर ओल तशीच असते. अशा ठिकाणी गाडीतून उतरावे, वाटेच्या मध्यावर टाच रोवून शरीराचे वजन द्यावे आणि पाय उचलावा. माती टाचेला चिकटून वर आली तर परत फिरावे. चिखल पार करण्याची कला मला येते आणि ती शिकवण्यासारखीही आहे, पण भिजलेल्या काळ्या मातीसाठी माझ्याकडे याहून चांगला उपाय नाही, आणि मी ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्याकडेही नव्हता.

इथे एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, आणि ती मी मनापासून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, पेरणी नुकतीच आटोपली होती अशा दिवसांत, मी माझी जुनी जिप्सी कळमेश्वरकडच्या एका पांदणीत घातली. दोन्ही बाजूंना धुरे, मध्ये बैलगाडीची वाट, वरून भुरभुर पाऊस. गाडी दोनशे मीटरवर अडकली, ती काढताना आम्ही मागेपुढे करून गुडघाभर चाकोऱ्या पाडल्या आणि संध्याकाळी आनंदाने घरी आलो. दिवाळीनंतर त्याच वाटेने गेलो तेव्हा त्या चाकोऱ्या विटेसारख्या कडक झालेल्या होत्या. ज्यांचे वावर पलीकडे होते त्या काकांनी मला ओळखले. ते रागावले नाहीत. यंदा कापूस डोक्यावरून सडकेपर्यंत आणावा लागला, कारण बैलबंडीचा आस त्या खड्ड्यात मोडला, एवढेच त्यांनी सांगितले. आम्ही चौघांनी पुढच्या आठवड्यात दोन ट्रॉल्या मुरूम आणून टाकला, पण त्यांचा हंगाम तोवर गेलेला होता.

पांदण रस्ता ही शेतकऱ्याची खते, अवजारे आणि पीक नेण्याची एकमेव वाट असते. आपण तिथे तासाभरासाठी जातो आणि त्याला वर्षभर तिच्यावरून जावे लागते. म्हणून जून ते ऑक्टोबर या काळात काळ्या मातीच्या पांदणीत गाडी घालू नये, एवढा एक नियम आपल्या चौघांच्या गटाने करावा अशी माझी विनंती आहे. ज्या शेतकऱ्याने आपल्याला ओढून काढले, त्याच्याकडे एकदा जाऊन त्याचा वेळ आणि डिझेल यांची भरपाई केली नसेल तर ती करावी, आणि तिथल्या चाकोऱ्या कशा आहेत तेही पाहून यावे.

मग गाडी न्यावी कुठे? पारशिवनी, मनसर, रामटेक या ईशान्येच्या बाजूला काळ्या पाषाणाचा प्रदेश संपतो आणि जुने, वेगळ्या जातीचे खडक लागतात. तिथल्या टेकड्यांच्या उतारावर मुरमाड, खडकाळ जमीन मिळते, पाणी लवकर निथळते आणि चाकाला पकड राहते. परंतु नेमका हाच भाग जंगलाला लागून आहे. पेंच व्याघ्र प्रकल्प, त्याला जोडलेली वनक्षेत्रे आणि राखीव जंगल यांच्या हद्दी प्रत्येक वाटेवर पाटी लावून सांगितलेल्या नसतात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९२७ चा भारतीय वन कायदा यांच्याखाली परवानगीवाचून अशा क्षेत्रात शिरणे हा गुन्हा आहे, आणि वाट ठाऊक नव्हती ही सबब चालत नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या वाहनांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. ती वाहने रीतसर सफारीची होती. खासगी थार आत सापडली तर काय होईल याचा विचार करावा. निघण्यापूर्वी गावच्या पोलीस पाटलाला किंवा वनरक्षकाला विचारावे. सर्वांत चांगले म्हणजे ओळखीच्या कोणाची पडीक, मुरमाड जमीन मालकाच्या परवानगीने वापरावी. एक एकर उतारावर सहा महिने शिकता येते.

नदीच्या वाळूविषयी एक इशारा. कन्हान आणि पेंच यांची पात्रे हिवाळ्यात मोहात पाडतात. परंतु वर तोतलाडोह आणि नवेगाव खैरी ही धरणे आहेत, आणि तिथून पाणी सोडले तर आपल्या डोक्यावर ढग नसतानाही पात्र भरते. पात्रात गाडी उभी करून डबा खाऊ नये.

आता टायर. आपल्या गाडीला मूळचे २५५/६५ आर १८ मापाचे टायर असतील तर त्यांचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर भरतो. ३३ इंच म्हणजे ८३८ मिलिमीटर. फरक ४९ मिलिमीटरचा दिसतो, पण अॅक्सल चाकाच्या मध्यावर असल्यामुळे जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम एका इंचाने वाढते. त्या इंचासाठी काय द्यावे लागते ते पाहावे. चाकाचा घेर सहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ च्या वेगाने धावत असते. सगळे गियर तेवढ्या प्रमाणात लांबतात, त्यामुळे फोर-लोमध्ये खडकावरून रांगत जाण्याची जी शक्ती आपल्याला हवी असते तीच कमी होते. जड चाक थांबवायला ब्रेकला अधिक कष्ट पडतात. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवले की एवढा मोठा टायर मडगार्डला घासतो, म्हणून लिफ्ट लागतो. लिफ्ट केला की पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे कोन तिरके होतात आणि त्यांचे सांधे व रबरी बूट लवकर जातात. एका वस्तूने दुसरी मागितली आणि दुसरीने तिसरी, अशी ही यादी वाढली आहे. लिफ्टविषयी आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: लिफ्टने बॉडी आणि चेसिस वर जातात, पण मागच्या अॅक्सलचा डिफरेन्शियल, जो खरोखर दगडाला आपटतो, तो होता तिथेच राहतो. वर जातो तो गाडीचा गुरुत्वमध्य, आणि तिरक्या उतारावर गाडी कलंडते ती त्यामुळेच.

थारला मुळात जमिनीपासून २२६ मिलिमीटरची उंची आणि ऑल-टेरेन, म्हणजे पक्क्या आणि कच्च्या दोन्ही वाटांसाठीचे टायर मिळतात. आपण ज्या वाटा सांगितल्या त्यांना हे पुरेसे आहे. गाडी वापरलेली असल्याने आधीच्या मालकाने काय बसवले होते ते पाहावे आणि टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचावा. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नागपूरच्या उन्हात रबर लवकर म्हातारे होते, त्यामुळे दात शिल्लक दिसले तरी बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा आहेत का ते तपासावे, आणि स्टेपनीही विसरू नये. बदलायचे झाले तर त्याच मापाचे, चांगल्या प्रतीचे ऑल-टेरेन टायर घ्यावेत. आपण आठवड्यातले पाच-सहा दिवस वर्धा मार्गाने बुटीबोरीला जाता. ओल्या सिमेंट रस्त्यावर मड टायरची पकड कमी असते आणि गाडी थांबायला अंतर अधिक लागते.

टायरपेक्षाही मोठा फरक त्यातल्या हवेने पडतो आणि त्याला जवळजवळ काही खर्च येत नाही. कच्च्या वाटेवर उतरताना हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत आणली, तर टायर लांबट पसरतो, जमिनीवरचा त्याचा ठसा मोठा होतो आणि दगड-मुरमावर पकड कितीतरी वाढते. त्याखाली नेऊ नये, कारण वळताना टायर रिमवरून सुटण्याची भीती असते. परंतु डांबरी किंवा सिमेंट रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा पूर्ण भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर धावताना सतत दुमडतो आणि तापतो. त्यात मे महिन्याचा ४५ अंशांचा तापलेला काँक्रीट रस्ता आणि ताशी १०० चा वेग मिळाला, की बाजूची भिंत फाटते. त्यामुळे हवा मोजण्याचे चांगले मापक आणि बॅटरीवर चालणारा कंप्रेसर या दोन वस्तू इतर सगळ्यांच्या आधी घ्याव्यात. याच्या जोडीला हेही लक्षात ठेवावे, की कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद, पण नेहमीच्या वेगाचे गियर) लावून गाडी चालवू नये. पुढची आणि मागची चाके वळणावर वेगवेगळे अंतर कापतात, कोरड्या रस्त्यावर त्यांना घसरायला वाव मिळत नाही, आणि तो सगळा पीळ ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीवर येतो.

स्नॉर्केलवर मी थोडा थांबतो, कारण तो बसवल्यावर माणसाचे धाडस वाढते. थारसाठी कंपनीने सांगितलेली पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे. स्नॉर्केलने इंजिनात पाणी ओढले जाण्याचा धोका कमी होतो आणि धुळीच्या वाटेवर हवाही स्वच्छ मिळते, पण गाडीतली वायरिंग, अॅक्सलचे ब्रीदर (हवा जाण्याची छिद्रे) आणि दारांच्या फटी आहेत तिथेच राहतात. वाहते पाणी तर निराळेच संकट आहे. गाडीने बाजूला सारलेले प्रत्येक घनमीटर पाणी तिला एक टनाने वर उचलते. थारच्या बुडाच्या वर पाव मीटर पाणी चढले, तर आत पाणी शिरेपर्यंत ते टनाहून अधिक भार उचलून धरते. चाकांवर उरलेल्या थोड्या वजनाने प्रवाहापुढे टिकाव लागत नाही. विदर्भात दर पावसाळ्यात रपट्यावरून वाहने वाहून जातात, आणि त्यांतल्या पुष्कळांना समोरचा रस्ता रोजचा ओळखीचा होता. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी बंद करून थांबावे, मग गाडीवर काहीही बसवलेले असो. साचलेल्या पाण्यातून जायचे असले तरी आधी काठी घेऊन स्वतः चालून पाहावे, पहिला लो गियर टाकून मध्ये गियर न बदलता एका लयीत पार व्हावे, आणि घरी आल्यावर डिफरेन्शियलचे तेल दुधाळ झाले आहे का ते तपासून घ्यावे.

कायद्याचा भाग आता सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. लोखंडी बुल बार आणि क्रॅश गार्ड यांच्याविरुद्ध कारवाई करण्यास केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. त्यामागचे कारण दंडापेक्षा मोठे आहे: धडक बसली की मूळ बंपर आणि त्यामागचा भाग चेपून आघात शोषतो आणि एअरबॅग केव्हा उघडायची हे ठरते, पुढे जाड लोखंड लावले तर तो आघात थेट चेसिसकडे आणि माणसांकडे येतो, आणि समोरून येणाऱ्या पादचाऱ्याची गत तर विचारायलाच नको. आपल्या यादीतला लिफ्ट, ३३ इंची टायर आणि हा बंपर आरटीओत मान्य होणार नाहीत असेच समजून चालावे. एलईडी बारचा झोत वर्धा मार्गावर समोरच्याला आंधळा करतो आणि तोही रस्त्यावर चालत नाही. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर दावा नाकारला जाऊ शकतो. पाण्याने बंद पडलेल्या इंजिनाचा खर्चही साध्या पॉलिसीत बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. आपल्या पॉलिसीत ती आहे का ते आजच पाहावे. छतावरचे कॅरिअर मी केवळ एका कारणाने नाकारतो: तिरक्या वाटेवर सर्वांत वरचे वजन हेच सर्वांत घातक वजन असते.

मग पैसे खर्च करावेत ते कशावर? गाडी सुरक्षितपणे ओढून काढण्याच्या साधनांवर. पुढे आणि मागे चेसिसला जोडलेले, ओढण्यासाठीच केलेले मजबूत हुक आहेत का ते आधी पाहावे. मग ताणला जाणारा कायनेटिक दोर, योग्य भारक्षमतेच्या शॅकल्स (दोर हुकला जोडायच्या कड्या), चाकाखाली सारायच्या दोन फळ्या, आखूड दांड्याचे फावडे, जाड हातमोजे, अग्निशामक आणि प्रथमोपचाराची पेटी एवढे जमवावे. ट्रॅक्टरच्या साखळीत लवचीकपणा नसतो, त्यामुळे प्रत्येक झटका जसाच्या तसा गाडीच्या लोखंडात जातो. दोर ताणून तो झटका हळूहळू देतो. परंतु ताणलेल्या दोराचा हुक निसटला तर तो गोळीसारखा येतो. म्हणून ओढताना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत कोणीही उभे राहू नये आणि दोर ओलांडून तर कोणीच जाऊ नये. मागे ट्रेलर जोडण्याच्या लोखंडी गोळ्याला दोर कधीही अडकवू नये. तो तुटून माणसे दगावलेली आहेत. चार गाड्यांच्या गटाला या साधनांचा एक संच पुरतो, त्यामुळे खर्च वाटून घेता येईल. विंच हा पुढच्या वर्षीचा विचार आहे, आणि तोही एकटे जाण्याची वेळ येत असेल तरच.

उरलेल्या रकमेतला काही भाग शिकण्यावर घालावा. इगतपुरीला महिंद्राने ऑफ-रोड प्रशिक्षणाची अकादमी उभारलेली आहे. तिथले वर्ग केव्हा असतात याची चौकशी करून जावे, समृद्धीवरून ते अंतर सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास पडते. चढावर गाडी मध्येच बंद पडली तर काय करायचे, एवढी एक गोष्ट जरी तिथे हाताला बसली तरी प्रवास वसूल झाला. अशा वेळी मनुष्याचा पहिला विचार गाडी आडवी वळवून खाली आणण्याचा असतो आणि ती तिथेच कलंडते. ब्रेक धरून ठेवावा, लो रेंजमध्ये रिव्हर्स टाकावा आणि क्लच पूर्ण सोडून, इंजिनाच्या आधारावर, ज्या रेषेने वर गेलो त्याच रेषेने सरळ मागे यावे. हे मोकळ्या उतारावर वीस वेळा केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

राहिले आपल्या पत्नीचे म्हणणे. मी ते पुष्कळ अंशी खरे मानतो. सहा वर्षांच्या मुलीला मुरमाड वाटेवरून, सावकाश, स्वतःच्या आसनावर नीट पट्टा बांधून नेण्यात गैर काही नाही. तिला त्यातून झाडे, पक्षी आणि रामटेकच्या बाजूच्या टेकड्या दिसतील. थारच्या मागच्या आसनावर तिच्या वजनाची बालआसने नीट बसतात का हे मात्र आधी बसवून पाहावे. परंतु पाणी ओलांडणे, तीव्र चढ, तिरके उतार आणि गाडी ओढून काढण्याचा प्रसंग यांत तिने गाडीत असू नये; तिने मोठ्या माणसाचा हात धरून दूर, चढाच्या बाजूला उभे राहावे. ऑगस्टमध्ये ती गाडीत होती का, हे आपण लिहिलेले नाही. असेल, तर पत्नीच्या मनात जे बसले आहे ते भय त्या साखळीच्या आवाजाचे आहे, आणि ते शब्दांनी जाणार नाही.

हस्ताचा पाऊस अजून बाकी आहे. तोपर्यंत स्टिअरिंगचे काम पुरे करून घ्यावे, दोर आणि कंप्रेसर आणावा. दिवाळीनंतर जमीन वाळली, की एखाद्या परिचिताच्या मुरमाड पडीक रानात पहिली फेरी करावी आणि त्या दिवशी किल्ली पत्नीच्या हाती द्यावी. हवा कमी करण्यापासून फोर-लो टाकून उतार उतरण्यापर्यंत सगळे त्यांना स्वतः करू द्यावे आणि आपण शेजारच्या आसनावर बसावे. मुलगी त्या दिवशी आजीकडे राहील. पुढच्या रविवारी तिला न्यायचे की नाही, ते त्या फेरीनंतर त्यांनाच विचारावे.